वेळा अमावस्या आणि गळकी गाडी

आमच्या गाडीला तहान फार लागते.

लोकांच्या गाड्या डिझेल पितात. आमची डिझेल पिते आणि वर पाणीही पिते, आणि पाणी पिण्यात ती जास्त रमते. इंजिन गार राहावं म्हणून रेडिएटरमध्ये जे हिरवं पाणी घालतात, ज्याला कूलंट म्हणतात, ते मी तिला सोमवारी पाजलं की बुधवारी तिचा घसा पुन्हा कोरडा! मग समोरच्या पट्टीवरचा काटा लाल रेघेकडे निघतो, बॉनेटमधून वाफ येते आणि शेजारच्या सीटवरचा माणूस हळूच दाराच्या कडीला हात घालतो.

दुसरा कुणी असता तर घाबरला असता. मला मात्र आतून बरं वाटलं. खटकचिंचोळीत माझं पाइप, नळ आणि मोटारपंपांचं दुकान आहे. आसपासच्या गावांत कुणाची पाइपलाइन कुठं गळते हे मला झोपेतून उठवून विचारलं तरी सांगता येतं, असा माझा समज आहे. (घरातल्यांचा समज वेगळा आहे. आमच्या न्हाणीतला नळ गेल्या दिवाळीपासून ठिबकतो.)

बायकोनं सरळ सांगितलं की भालकीला गॅरेजात नेऊन दाखवा. मी साफ नकार दिला. गळती काढून देणारा माणूसच आपली गळती घेऊन दुसऱ्याच्या दारात उभा राहिला, तर बाजारात बसायचं कसं? मी जाहीर केलं की ही गळती मी स्वतः शोधणार आणि शास्त्रीय पद्धतीनं शोधणार. 'शास्त्रीय' हा शब्द ऐकल्यावर ती उठून स्वयंपाकघरात गेली.

पहिला प्रयोग कागदाचा. संध्याकाळी गाडीखाली जुनी वर्तमानपत्रं अंथरायची आणि सकाळी कुठं ओल आली ते बघायचं. सकाळी बघतो तर कागदावर हा एवढा ओला डाग! मी आनंदानं गुडघ्यावर बसलो, डागाला बोट लावलं, बोट नाकाशी नेलं आणि तेवढ्यात गाडीच्या मागून गल्लीतलं कुत्रं निवांतपणे बाहेर पडलं. मी त्या दिवशी साबणानं बराच वेळ हात धुतला.

माझे वडील, म्हणजे अप्पा, हे सगळं ओसरीवर बसून बघत होते. जन्म बैलांत गेलेला माणूस. त्यांना यात शोधण्यासारखं काही दिसेना.

"गाडी हाय, पाणी पिणारच की," ते म्हणाले. "बैल पाणी पितंय तवा तू खाली कागद हातरतूस का?"

अशा प्रश्नांना शास्त्रात उत्तर नसतं. मी दुसरा प्रयोग हाती घेतला. रेडिएटरला जोडलेली एक पांढरी बाटली असते, तिच्यात पाण्याची पातळी दिसते. बायकोची नखं रंगवायची लाल बाटली घेतली आणि त्या पातळीवर रेघ मारली. दुसऱ्या दिवशी बघतो तर पाणी रेघेच्या वर! कमी झालं असतं तर समजू शकलो असतो. तिसऱ्या दिवशी आणखी वर. जी गळती पाणी घेऊन जाण्याऐवजी आणून टाकते, तिच्याबद्दल मी फोनवर बघितलेल्या गाडीदुरुस्तीच्या एकाही व्हिडिओत ऐकलं नव्हतं. मी आठवडाभर नवनव्या रेघा मारल्या आणि त्या बाटलीला पट्ट्यापट्ट्यांचं स्वेटर घातल्याची कळा आली. शेवटी अप्पांनाच माझी दया आली.

"रोज सकाळी मीच घालायलोय तांब्याभर," ते म्हणाले. "तू आपलं रेघा मारायलास, म्हनलं मारू दे. पोराचा टाइम जायलाय."

(मला दोन मुलं आहेत आणि थोरल्याला मिशा फुटल्यात.)

हे सगळं असंच चेष्टेवारी चाललं असतं, पण वेळा अमावस्या तोंडावर आली. आमच्या सीमेकडच्या भागात मार्गशीर्षातल्या या अमावस्येला गावंच्या गावं ओस पडतात आणि शेतं भरतात. कडब्याची खोप उभी करायची, तिच्यात पाच दगडांचे पांडव मांडून पुजायचे, मग शेंगाभाज्यांची भज्जी, बाजरीच्या पिठाचे उकडलेले उंडे आणि ज्वारीचं पीठ ताकात आंबवून केलेली आंबील. वाटेवरून जाणारा माणूस ओळखीचा असो-नसो, त्याला हाक मारून जेवायला बसवायचं. दिवस मावळताना खोपीसमोर नव्या मडक्यात दूध तापवायचं आणि ते मुद्दाम उतू घालायचं. ज्या अंगाला दूध सांडेल त्या अंगाला यंदा बरकत.

आमच्या शेतात हे दूध माझ्या थोरल्या बहिणीच्या, अक्काच्या हातचं. ती परकर नेसायची तेव्हापासून. पुढं लग्न होऊन अफजलपूर तालुक्यात करजगीला गेली, तरी या दिवशी यायचीच. मग तिचं मणक्याचं ऑपरेशन झालं आणि लागोपाठ दोन वर्षं ती येऊ शकली नाही. त्या दोन्ही वर्षी अप्पांनी दुसऱ्या कुणालाही चुलीला हात लावू दिला नाही. मडकं खोपीत पालथंच राहिलं.

तिसऱ्या वर्षी डॉक्टरांनी अक्काला प्रवासाची मोकळीक दिली, पण बसचे हिसके नकोत, असं बजावलं. दाजींना त्यांच्या शेतातली पूजा सोडून येता येणार नव्हतं. ते म्हणाले, शेजाऱ्याची नवीन गाडी आहे, ड्रायव्हर देऊन पाठवतो. मी म्हणालो, मुळीच नाही. माझ्या अक्काला मीच आणणार आणि माझ्याच गाडीतून आणणार. मग अक्का फोनवर आली.

"दिग्या, दिवस मावळायच्या आत दुधाला पोचीव बघ मला. दुसरं काई मागत न्हाई."

मी छातीवर हात ठेवून हो म्हणालो. (फोनवर हात दिसत नाही, पण मी ठेवला.)

आदल्या दिवशी मी पाण्याचे कॅन भरून घेतले आणि गाडीला थांबत, पाजत, समजावत करजगी गाठली. अक्काच्या सासूबाईंनी माझं भलतंच कौतुक केलं. त्यांना घरात सगळे आत्याबाई म्हणतात. बाई मोठ्या देवभोळ्या आणि जीव लावणाऱ्या. मी संध्याकाळी अंगणात गाडीचं टोपण उघडून तिला पाणी पाजत होतो, तेव्हा त्या उंबऱ्यात उभ्या राहून बघत होत्या. इतकं पाणी हिला रोज लागतं का, असंही त्यांनी विचारलं. मी हो म्हणालो. त्यांच्या डोळ्यांत गाडीविषयी माया दाटलेली मला स्पष्ट दिसली, पण तिचा पुढं आपल्याशी काही संबंध येईल असं वाटलं नाही.

सकाळी झुंजुमुंजू असताना मी बॉनेट उचललं, रेडिएटरचं टोपण काढलं आणि पाणी आणायला आत गेलो. आत चहा होता. चहा झाल्यावर उंडे होते. सणाच्या दिवशी अक्काच्या सासरहून उपाशी निघायचं म्हणजे आत्याबाईंचा अपमान, म्हणून बसलो. परत येऊन तांब्या वाकवतो, तर पहिल्याच घोटाला रेडिएटर भरून बाहेर वाहायला लागला! रात्रभरात थेंबसुद्धा कमी झालेला नव्हता. याचा अर्थ गळती आपोआप थांबली होती. अंधुक उजेडात मी टोपण घट्ट बसवलं आणि दाजींना मुद्दाम ऐकू जाईल अशा आवाजात म्हणालो, काही यंत्रांना नुसती माणसाची नजर लागते.

मागच्या सीटवर उशा रचून अक्काला बसवलं. तिला फार वाकता येत नव्हतं, मान वळवायची तर सगळं अंग वळवायला लागायचं. पण चेहऱ्यावर मात्र माहेरचा आनंद. अफजलपूर गेलं, गुलबर्गा गेलं (पाट्यांवर कलबुर्गी झालं तरी आमच्या तोंडात अजून गुलबर्गाच आहे), आणि काटा जागचा हलला नाही. मी गुणगुणायलाही लागलो. गुलबर्गा मागं पडून थोडा वेळ झाला, आणि काटा उठला. उठला तो थेट लाल रेघेवर जाऊन बसला.

गाडी कडेला घेतली. बराच वेळ थांबलो, मग ओलं पोतं टाकून, तोंड फिरवून, टोपण हळूहळू सोडलं. वाफ गेली. आत डोकावलो आणि पायांखालची जमीनच सरकली.

पाणी पांढरं होतं. दुधासारखं पांढरं, दाटसर.

आता सगळ्या व्हिडिओंत एका गोष्टीवर एकमत आहे. रेडिएटरचं पाणी पांढरं, दुधाळ झालं म्हणजे इंजिनाचं तेल पाण्यात मिसळलं, आणि तेल पाण्यात मिसळलं म्हणजे हेड गॅस्केट गेलं. हेड गॅस्केट गेलं की अख्खं इंजिन खोलावं लागतं. तरी मी घाई केली नाही. शास्त्रीय पद्धतीनं दोन बोटं बुडवली, चोळली. बोटं तुळतुळीत झाली. तेल! आता संशयाला जागाच उरली नाही. मी अक्काजवळ गेलो आणि डॉक्टर बाहेर येऊन नातेवाइकांना सांगतात त्या आवाजात तिला सगळं सांगितलं.

"वास घेतलास का?" अक्कानं विचारलं.

मी तिला समजावलं, की हे इंजिन आहे, याचं निदान वासावर होत नसतं. मग हळूच तिनं विचारलं की दिवस मावळायच्या आत आपण पोचू का. तिनं ते इतकं हळू विचारलं, की मला स्वतःच्या हट्टाची लाज वाटली. दाजींच्या शेजाऱ्याची नवीन गाडी या वेळेला हुमनाबाद ओलांडून गेली असती. आजूबाजूला गॅरेज होतं, पण त्याला कुलूप होतं. या दिवशी मेकॅनिकही शेतात आंबील पीत असतो. मी ठरवलं, इंजिन जळालं तर जळू दे. थांबत थांबत, पाणी घालत घालत, पण अक्काला आज दुधाला नेणार म्हणजे नेणार.

बरोबर आणलेलं पाणी संपायला वेळ लागला नाही. आता पाणी मागायचं ते रस्त्याकडेच्या शेतात, आणि खरी पंचाईत तिथं सुरू झाली. वेळा अमावस्येला शेतात गेलेल्या माणसाला नुसतं पाणी कोण देणार?

पहिल्या शेतात मी रिकामा कॅन पुढं केला. तिथल्या म्हाताऱ्यानं कॅन माझ्या हातातून काढून घेतला, मागं लपवला आणि "ऊटा माडी", म्हणजे जेवा, म्हणत मला पंगतीत बसवलं. मी कानडीत, मग हातवारे करून, मग पुन्हा कानडीत सांगितलं की गाडी तापलीय, बहीण गाडीत आहे. बहीण आहे म्हटल्यावर त्यांनी दोन पानं जास्त वाढली आणि एक गाडीत पाठवलं. भज्जी उरकल्याशिवाय कॅन परत मिळाला नाही.

गाडी थोडी पुढं गेली, पुन्हा काटा वर. दुसऱ्या शेतात मी हुशारी केली. लांबूनच ओरडून सांगितलं की माझं जेवण झालंय.

"आज खाली पानी नई देते जी," तिथले मालक हसत म्हणाले. "दो निवाले तो खाना पडता."

दोन घास म्हणजे पुन्हा अख्खं ताट होतं. मी कॅन घेऊन निघालो तेव्हा वाकता येत नव्हतं, त्यामुळे अक्काची आणि माझी तब्येत एकसारखी झाली. ऊन कलायला लागलं होतं. अप्पांचा फोन आला. पूजा झाली, जेवणं झाली, एवढंच बोलले. दुधाचं नाव काढलं नाही. मीही काढलं नाही. फोन ठेवल्यावर मी रेडिएटरला चार शब्द असे बोललो, जे सणाच्या दिवशी बोलू नयेत.

हुमनाबादच्या अलीकडं गाडीनं तिसऱ्यांदा मान टाकली, तीही एका शेताच्या बांधाला टेकूनच. तिथल्या घरधनिणीनं माझ्याकडं बघितलंही नाही. ती सरळ अक्काच्या दाराशी गेली, तिला धरून उतरवलं, गाडीसमोर बाज टाकली, पाठीला कडब्याची पेंढी लावून तिला बसवलं आणि हातात आंबिलीची वाटी दिली. मी तिकडं बॉनेट उचलून वाफ जायची वाट बघत उभा होतो.

अक्कानं वाटी तोंडाशी नेली आणि तशीच थांबली. वाटीचा वास घेतला. मग मान ताठ ठेवून नाक गाडीच्या दिशेनं केलं आणि वाफेचा वास घेतला. पुन्हा वाटीचा.

"दिग्या," ती म्हणाली, "तुझ्या इंजिनात लसूण हाय."

मी म्हणालो, अक्का, तू दमलीयस, जरा पड. ती पडली नाही. म्हणाली, लसूण आहे आणि ओवाही आहे. आंबिलीत एवढा ओवा आमच्या आत्याबाईंशिवाय कुणी घालत नाही, आता तू मला शिकवू नकोस. आणि तिनं करजगीला फोन लावून स्पीकर सुरू केला.

"व्हय, मीच पाजले की," आत्याबाईंचा आवाज अभिमानानं भरून आला होता. "सकाळी त्याचं तोंड उघडं दिसलं. बैलाला पाजले, औताला दाविले, मग ह्यानंच काय पाप केलंय? सनाचं कुनाला उपाशी ठिवू न्हाई. तांब्याभर ओतले, गटगट पिलं बघ."

शेतातली सगळी माणसं माझ्याकडं बघत होती. बोटांना लागलेलं ते तुळतुळीत तेल म्हणजे ताकातलं लोणी होतं! ज्याला मी हेड गॅस्केट समजून सकाळपासून मनातल्या मनात मातीत घालत आलो, तो आत्याबाईंचा नैवेद्य होता. दिवसभर आमच्या इंजिनात आंबील शिजत होती, आणि मी तिच्यात शेताशेतांतलं पाणी घालून ती पातळ करत आलो होतो.

मग त्या शेतातल्या लोकांनी गाडी ताब्यात घेतली. बोअरची मोटार सुरू झाली. खालची नळी सोडली आणि वरून पाण्याची धार लावली. आधी पांढरं पाणी आलं, मग ज्वारीच्या पिठाच्या गाठी आल्या, आणि शेवटी लसणाचा एक अख्खा तुकडा बाहेर पडला. तो बघून लोकांनी टाळ्या वाजवल्या. एका म्हाताऱ्यानं वाकून सगळं निरखलं आणि पीठ जरा कमी दळलेलं आहे, असा अभिप्राय दिला.

स्वच्छ पाणी भरलं, इंजिन सुरू केलं. आता निघायचं, तेवढ्यात मला आठवलं की मूळची गळती आहे तशीच आहे. आंबील तर आजची पाहुणी. बॅटरी हातात घेऊन मी सरपटत गाडीखाली शिरलो. नळ्या दाबल्या, क्लिपा आवळल्या, चारी बाजूंनी बॅटरी मारली. सगळं कोरडं. सूर्य बोरीच्या झाडावर टेकायला आला होता. गाडीखाली पडल्या पडल्या मला खरंच रडू यायला लागलं.

"बाहीर ये," बाजेवरून अक्का म्हणाली. "सगळं खालूनच बघायलास कामून? वरून बघ की. त्या टोपणाच्या कडंनं बुडबुडं यायलेत."

मी बाहेर आलो. मान वळवता येत नसल्यामुळे अक्का इतका वेळ एकाच ठिकाणी बघत बसली होती, आणि ते ठिकाण म्हणजे रेडिएटरचं टोपण. इंजिन तापलं की त्या टोपणाच्या कडेनं बारीक फसफस व्हायची, पाणी वाफ होऊन वरच्या वर उडून जायचं. खाली पडायला थेंब उरतच नव्हता. टोपणाच्या आतलं रबर तडकून गेलं होतं. आणि गेले कित्येक दिवस तपासणीला बसलो की मी पहिलं काम काय करायचो, तर ते टोपण काढून बाजूला ठेवायचो आणि मग गळती शोधायचो!

रबराच्या चकत्या हा माझा धंदाच. डिकीत पाइपाच्या जोडाला लागणाऱ्या चकत्यांची पिशवी पडलेली होती. त्यातली एक कापून, घासून टोपणात बसवली. फसफस थांबली. घरधनिणीनं अक्काच्या ओटीत उंडे घातले आणि मला ताट वाढायला घेतलं. मी हात जोडून पळालो.

शेवटचा टप्पा मी काट्याकडं न बघता चालवला. अक्का मागून बघत होती, सांगत होती, की हलला नाही, चल. गाडी शेताच्या वाटेला लागली तेव्हा सूर्य अर्धा बुडालेला. अप्पा धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर उभे होते. किती वेळचे उभे होते कुणास ठाऊक. त्यांनी अक्काला हाताला धरून खोपीपर्यंत नेलं. वाटेत एवढंच म्हणाले की चूल पेटवून ठेवलीय. मग धोतराच्या सोग्यानं डोळे पुसले आणि धुराला दोन शिव्या दिल्या.

अक्का चुलीपुढं पाटावर बसली. नवं मडकं, नवं दूध. घरची सगळी भोवती गोळा झाली. मी तिच्या शेजारीच बसलो होतो. मनात म्हणत होतो, जिंकलो. अख्ख्या दिवसात पहिल्यांदाच मी नुसता शांत बसलो होतो. अक्कानं जाळ सारला. दुधाला आधी बारीक बुडबुडे आले, मग कडेनं वाफ सुटली, मग साय थरथरायला लागली आणि दूध फसफसत वर आलं. सगळे श्वास रोखून बघत होते. अक्काच्या डोळ्यांत पाणी आलं होतं.

काहीतरी उकळून वर येतंय, एवढंच मला दिसलं. सकाळपासून त्यावर मी जे करत आलो होतो तेच हातून झालं. शेजारचा तांब्या उचलला आणि भसकन गार पाणी ओतलं. मडक्यात, चुलीवर, आणि थोडं अप्पांच्या पायावर!

दूध खाली बसलं. जाळ विझला. अप्पांनी आधी मडक्याकडं आणि मग माझ्याकडं बघितलं. त्यांच्या नजरेत बैलांविषयी असलेला आदर फारच वाढलेला दिसला. आणि अक्का हसायला लागली. पाठीला हात लावून, थांबायचा प्रयत्न करत, कळवळत हसत राहिली. "कुनीतरी आवरा की ह्याला," एवढंच तिला कसंबसं म्हणता आलं. तिचं बघून अप्पाही हसले. दोन वर्षांत त्या खोपीसमोर कुणी असं हसलं नव्हतं.

दुसरं मडकं नव्हतं, म्हणून तेच धुऊन पुन्हा मांडलं. शेजारच्या शेतातून दूध आलं. अंधार पडता पडता ते व्यवस्थित उतू गेलं. कुठल्या अंगाला गेलं ते मला दिसलं नाही, कारण मला चुलीकडं पाठ करून बसवलं होतं.

तेव्हापासून वेळा अमावस्येला आमच्या शेतात एक नवी पद्धत पडली आहे. दुधाला कढ यायला लागला की जाळ सारायचं काम अक्का माझ्या बायकोकडं देते आणि स्वतः माझे दोन्ही हात घट्ट धरून बसते. दूध उतू गेल्यावरच सोडते, आणि सोडताना आधी बघून घेते की तांब्या माझ्यापासून लांब आहे ना.